‘यूको’ नेमकी कोणती? जपानी स्त्रीनाव ओळखण्याची, लिहिण्याची आणि त्याचा अर्थ लावण्याची पद्धत

जपानी पाहुण्या येणार असतात आणि त्यांच्यासाठी मानचिन्ह बनवायचं असतं. कुणीतरी इंटरनेटवर ‘यूको’चा अर्थ शोधतं, पहिल्याच पानावर ‘प्रेमळ मुलगी’ असं सापडतं, शेजारी दोन चिनी वळणाची अक्षरं असतात. ती तशीच उचलून कोरणाऱ्याकडे जातात. बाईंचं नाव प्रत्यक्षात वेगळ्याच अक्षरांनी लिहिलं जात असतं. त्या हसून आभार मानतात, कारण तोंडावर चूक दाखवायची पद्धत तिकडे नाही. त्यामुळे चूक कुणाला कळतच नाही आणि पुढच्या वेळी तीच होते.

चूक क्रमाची आहे. आपण अर्थापासून सुरुवात करतो. जपानी नावात अर्थ सर्वात शेवटी येतो. आधी उच्चार, मग लिपी, मग नेमकं अक्षर, मग त्या अक्षराचं वाचन आणि त्यानंतर अर्थ. इथे ‘यूको’ हे एकच नाव धरून सगळ्या पायऱ्या दाखवल्या आहेत. केइको, योको, आकिको यांनाही हीच पद्धत लागू पडते.

सुरुवातीआधीची तयारी

पहिलं काम म्हणजे नाव तुमच्याकडे आलं कुठून ते पाहणं. पासपोर्टची प्रत, ईमेलखालची सही, व्हिजिटिंग कार्ड, कुणी फोनवर सांगितलेलं, यांपैकी काय? पासपोर्टवर फक्त रोमन अक्षरं मिळतात आणि त्यांतून जपानी लेखन उलटं शोधता येत नाही. जपानी व्हिजिटिंग कार्डाला अनेकदा दोन बाजू असतात. जपानी बाजूचा स्पष्ट फोटो मिळाला तर निम्मं काम तिथेच संपतं.

दुसरं, फोनवर किंवा संगणकावर जपानी कीबोर्ड बसवून घ्या. फोनच्या भाषांच्या यादीत तो मोफत असतो. रोमन अक्षरं टाइप करून जपानी मिळवायची असल्याने ‘क्वर्टी’ मांडणी निवडा. बारा बटणांची मांडणी सवय नसलेल्याला डोकेदुखीच आहे.

तिसरं, नाव कशासाठी हवंय ते ठरवा. विमानाचं तिकीट, निमंत्रणपत्रिका आणि कोरीव भेटवस्तू या तिन्हींना तीन वेगवेगळी रूपं लागतात.

पायरी १ : उच्चार पक्का करा

रोमन लिपीत वाय-यू-के-ओ ही चार अक्षरं दिसली की त्यामागे किमान दोन नावं असू शकतात. एकात ‘यू’ दीर्घ आहे: यू-उ-को, तीन समान ठोके. दुसऱ्यात ऱ्हस्व: यु-को, दोन ठोके. जपानी कानाला ही दोन वेगळी नावं आहेत. पासपोर्टच्या रोमन लेखनात दीर्घ ‘ऊ’ची खूण सहसा गाळली जाते, त्यामुळे कागदावर दोन्ही सारखी दिसतात.

इथे देवनागरीचा आपल्याला फायदा आहे: यूको आणि युको. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतो, पण लिहिताना फरक दाखवता येतो, तर दाखवावा. ‘ओ’च्या बाबतीत मात्र आपली लिपी हात टेकते. ‘यूको’ नावातला शेवटचा ओ ऱ्हस्व आहे. तोच दीर्घ केला तर ‘वैध, परिणामकारक’ असा अर्थ असलेला, ज्यूदोतल्या एका गुणालाही वापरला जाणारा वेगळाच शब्द होतो. देवनागरीत दोन्ही ‘यूको’च. म्हणून उच्चारताना शेवटचा ‘को’ ओढू नका. जोर पहिल्या ‘यू’च्या सुरुवातीला, मग आवाज खाली.

> तपासा: जपानी कीबोर्डवर ‘यू’साठी रोमन यू दोनदा दाबा (वाय-यू-यू-के-ओ). पडद्यावर तीन हिरागाना (उच्चार लिहिण्याची जपानी लिपी) अक्षरं आली तर दीर्घ यूको. एकदाच दाबलात तर दोन अक्षरं येतील आणि ती ऱ्हस्व युको असेल. ज्यांना नावांच्या यादीत हवं ते नाव सापडत नाही, ते बहुतेक इथेच अडकलेले असतात.

यूको, यूका, युकी आणि युकिको ही चार वेगळी नावं आहेत. ‘युकिको’चं लाडाचं रूप म्हणून यूको असेल असा तर्क करू नका.

पायरी २ : नाव कोणत्या लिपीत आहे ते पाहा

जपानी नाव चार प्रकारे लिहिलेलं असू शकतं: कांजीत (चिनीतून आलेली, अर्थ असलेली अक्षरं), हिरागानात, काताकानात (हीही उच्चाराचीच लिपी, परदेशी नावांसाठी वापरली जाणारी) किंवा मिश्र. अभिनेत्री आसानो यूको आपलं नाव मिश्र लिहितात, ‘यू’ हिरागानात आणि ‘को’ कांजीत. अशा नावातल्या ‘यू’ला कांजी शोधून देणं म्हणजे ते नाव बदलणं.

पूर्ण हिरागानात लिहिलेलं यूको हे अपुरं किंवा बालिश लेखन नव्हे. सरकारी नोंदीतही ते तसंच असू शकतं. अशा वेळी अक्षरांवरून अर्थ काढता येत नाही, आणि काढूही नये. ‘मूळ कांजी काय?’ असं विचारलं तर बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असं मिळतं, आणि ते खरंच असतं.

काताकानाबाबत गोंधळ जास्त होतो. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या फॉर्मवर नावाशेजारी काताकानाची वेगळी चौकट असते. तिथे नाव कसं वाचायचं तेवढं लिहिलेलं असतं. ती चौकट पाहून भेटवस्तूवर काताकानात नाव घातलंत, तर ते परदेशी माणसाच्या नावासारखं दिसेल.

> सावधान: ‘संध्याकाळ’ अर्थाचं तीन स्ट्रोकचं (म्हणजे लेखणीच्या तीन फटकाऱ्यांचं) कांजी आणि काताकानातलं ‘ता’ दिसायला जवळजवळ एकच आहेत. ‘संध्याकाळ’वाल्या यूकोचं नाव टाइप करताना ‘ता’ बसलं तर डोळ्यांना कळत नाही, पण शोधताना ते नाव सापडत नाही. हे अक्षर ‘यूउ’ असं टाइप करून रूपांतर करूनच घ्या, नजरेला सारखं दिसलं म्हणून उचलू नका.

पायरी ३ : नेमकं कांजी विचारून घ्या

हीच पायरी सगळे गाळतात. ‘को’चा प्रश्न बहुधा सोपा असतो: तीन स्ट्रोकचं ‘मूल’ अर्थाचं अक्षर. सगळा घोळ ‘यू’चा. या उच्चाराची आणि नावात चालणारी अक्षरं डझनावारी आहेत.

विचारायचं कसं? सरळ विचारा, यात उद्धटपणा नाही. जपानी माणसं एकमेकांना रोज हे विचारतात. वाक्य असं: ‘ओनामाए नो कांजी वा दोओ काकिमासु का?’ म्हणजे, आपल्या नावाची कांजी कशी लिहिता? समोरची व्यक्ती फोनवर असेल तर ती अक्षर एखाद्या ओळखीच्या शब्दातून सांगेल. ‘अमुक शब्दातलं यू’ असा त्याचा साचा असतो. त्यासाठी पुढचे शब्द कानावरून गेलेले असू द्या.

‘यासाशीई नो यू’ किंवा ‘यूशो नो यू’ ऐकलंत तर ते सतरा स्ट्रोकचं भरगच्च अक्षर. यासाशीई म्हणजे प्रेमळ, मृदू. यूशो म्हणजे स्पर्धेतलं विजेतेपद. एकाच अक्षरात मृदूपणाही आहे आणि श्रेष्ठताही. राजकारणी ओबुची यूको आणि अभिनेत्री ओशिमा यूको यांच्या नावात हेच आहे.

‘यूफुकु नो यू’ किंवा ‘योयू नो यू’ म्हटलं तर बारा स्ट्रोकचं, सुबत्तेचं, ऐसपैसपणाचं अक्षर. मॅरेथॉन धावपटू आरिमोरी यूको (१९९२ बार्सिलोना रौप्य, १९९६ अटलांटा कांस्य) हेच लिहितात. आरिमोरी ओकायामाच्या, पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या शहराच्या मैत्रीतून उभं राहिलं तेच हे ओकायामा. अभिनेत्री तानाका यूको यांचंही अक्षर हेच.

यानंतर येते सर्वाधिक फसवणारी जोडी. ‘कोरोमो-हेन नी तानी’ म्हणजे डावीकडे वस्त्राची खूण, उजवीकडे ‘दरी’: हे वरचंच सुबत्तेचं अक्षर. ‘शिमेसु-हेन नी मिगी’ म्हणजे डावीकडे देवपूजेची खूण, उजवीकडे ‘उजवा’: हे नऊ स्ट्रोकचं, दैवी साहाय्याचं अक्षर. दोन्हींच्या डाव्या भागात फरक एका छोट्या स्ट्रोकचा. वस्त्राच्या खुणेला पाच स्ट्रोक, पूजेच्या खुणेला चार. लहान ठशात हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उजवा भाग पाहा: दरी आहे की ‘उजवा’? तिसरं भावंडही आहे. ‘निन्बेन नी मिगी’, म्हणजे डावीकडे माणसाची खूण आणि उजवीकडे तोच ‘उजवा’. स्ट्रोक सात, अर्थ मदत. लेखिका त्सुशिमा यूको हे लिहीत असत. ते मात्र टोपणनाव होतं. लेखक-कलाकारांच्या बाबतीत छापील नाव आणि नोंदणीतलं नाव वेगळं असू शकतं, हे ध्यानात असू द्या.

उरलेली भराभर: ‘यूयू’ या जोडशब्दातलं, खाली हृदयाची खूण असलेलं अकरा स्ट्रोकचं अक्षर म्हणजे निवांत, दूरवर पसरलेलं. ‘यूगाता नो यू’ म्हणजे संध्याकाळचं. ‘यूमेई नो यू’ म्हणजे ‘असणे’चं, सहा स्ट्रोक. ‘जियू नो यू’ म्हणजे पाच स्ट्रोकचं, स्वातंत्र्य आणि कारण या शब्दांत येणारं. गायिका आणि कीबोर्डवादक हारा यूको यांचं. ‘मुसुबु’ म्हणजे बांधणे, त्यातलं बारा स्ट्रोकचं अक्षर, डावीकडे दोऱ्याची खूण; दिवंगत अभिनेत्री ताकेउची यूको यांचं.

> तपासा: ऐकलेलं अक्षर लगेच टाइप करून त्यांना पाठवा आणि ‘हेच ना?’ विचारा. देवनागरीत टिपून ठेवलेला ‘सुबत्तेचा यू’ दोन दिवसांनी उपयोगी पडत नाही.

विचारणं शक्यच नसेल तर? मग हिरागानात लिहा. उच्चार पक्का असेल तर ते लेखन चुकत नाही, आणि अंदाजाने निवडलेल्या कांजीपेक्षा कितीतरी बरं दिसतं. ‘सगळ्यात प्रचलित अक्षर घालू’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पायरी ४ : उलट दिशेने तपासा

काही वेळा परिस्थिती उलटी असते. कांजी हातात आहे, उच्चार माहीत नाही. सुबत्तेचं अक्षर आणि ‘को’ दिसलं की विद्यार्थी लगेच ‘यूको’ म्हणतात. पण तीच जोडी ‘हिरोको’ अशीही वाचली जाते. ‘जियू’तलं अक्षर आणि ‘को’: यूको, युको किंवा योशिको. ‘मित्र’ अर्थाचं अक्षर आणि ‘को’: बहुतेकदा तोमोको, क्वचित यूको. बांधण्याचं अक्षर आणि ‘को’: युइको किंवा यूको. शब्दकोशातलं वाचन नावाला लागू पडेलच असं नाही. जपानी माणसंही अनोळखी नाव वाचताना अडखळतात, म्हणून तर फॉर्मवर वाचनाची वेगळी चौकट असते.

२६ मे २०२५ पासून जपानच्या कौटुंबिक नोंदवहीत, म्हणजे कोसेकीत, नावाच्या वाचनाचीही नोंद करण्याची तरतूद लागू झाली. पण ती वही तुम्हाला पाहायला मिळणार नाही. तुमच्यासाठी पुरावा म्हणजे त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेला उच्चार.

> सावधान: भाषांतराचं सॉफ्टवेअर नावाचं कांजी बघून एकच वाचन बेधडक देतं आणि पर्याय सांगत नाही. आमंत्रितांच्या यादीचं देवनागरीकरण त्याच्यावर सोपवलंत, तर हिरोकोबाईंच्या खुर्चीवर ‘यूको’ची पाटी लागेल.

पायरी ५ : आता अर्थ

इथवर आल्यावरच अर्थाला हात घाला, आणि तोही जपून. पहिला नियम: दोन अक्षरांचे अर्थ जोडून वाक्य करू नका. ‘सुबत्ता’ अधिक ‘मूल’ म्हणजे ‘श्रीमंत बाळ’ नव्हे. ‘को’ हा स्त्रीनावाचा शेवट म्हणून येतो. त्याला ‘मूल’ म्हणून भाषांतरात ओढलं की ‘प्रेमळ मूल’, ‘संध्याकाळचं मूल’ अशी विचित्र रूपं तयार होतात, आणि बाळनावांच्या संकेतस्थळांवर तीच फिरत असतात.

दुसरा नियम: अक्षराचा अर्थ आणि आईवडिलांनी ते का निवडलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी आजीच्या नावातलं अक्षर घेतं. कुणी आडनावासकट स्ट्रोक मोजून शुभ संख्या जुळवतं. आपल्याकडे नावरास पाहतात त्यातलाच प्रकार. कुणाला फक्त उच्चार आवडलेला असतो. म्हणून लिहिताना ‘त्यांच्या नावाचा अर्थ सुबत्ता’ असं न लिहिता ‘त्यांच्या नावातलं यू हे अक्षर सुबत्ता, ऐसपैसपणा या अर्थाने वापरलं जातं’ असं लिहा. वाक्य लांबतं खरं, पण खोटं ठरत नाही.

तिसरा नियम चित्रकथांबद्दल. सतरा स्ट्रोकच्या अक्षरात डावीकडे माणूस आणि उजवीकडे ‘चिंता, दुःख’ असे भाग आहेत. त्यावरून ‘दुसऱ्याच्या दुःखात शेजारी उभा राहतो तो प्रेमळ’ अशी गोष्ट सांगितली जाते. भाषणात टाळ्या मिळतात. पण तो उजवा भाग तिथे मुख्यतः ‘यू’ हा उच्चार दाखवायला आहे. अक्षर लक्षात ठेवण्यापुरती ती गोष्ट वापरा. मानपत्रात नावाचा अर्थ म्हणून छापू नका.

पायरी ६ : टाइप करा, छापा, कोरा

हिरागाना टाइप केल्यावर रूपांतराचं बटण दाबलं की यूकोंची मोठी यादी येते. पहिलं दिसलं ते घेऊ नका. कीबोर्ड तुमच्या जुन्या सवयीप्रमाणे क्रम लावतो, गेल्या महिन्यातल्या दुसऱ्याच यूको वर येऊन बसलेल्या असतात. अक्षर मोठं करून पायरी ३ मधल्या खुणांशी ताडून पाहा.

फाँट जपानीच हवा. मजकुराची भाषा ‘जपानी’ अशी निवडली नाही तर काही प्रणाली चिनी वळणाचा फाँट लावतात आणि काही अक्षरांचे तपशील बदलतात. त्याहून वाईट म्हणजे सरलीकृत चिनी रूप उचललं जाणं. ते निराळंच अक्षर असतं.

> तपासा: ‘यासाशीई’चं यू जपानीत सतरा स्ट्रोकचं, सरलीकृत चिनीत सहाचं. ‘मुसुबु’चं यू जपानीत बाराचं, सरलीकृत चिनीत नऊचं. अक्षर अपेक्षेपेक्षा विरळ दिसलं की थांबा.

कोरणाऱ्याला किंवा छापखान्याला अक्षरं मजकूर म्हणून पाठवू नका. तिथल्या संगणकावर जपानी फाँट नसतो आणि चौकोन छापून येतात. आउटलाइन केलेली (अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर केलेली) पीडीएफ पाठवा, सोबत ‘हा भाग वर’ असा बाण काढा. उलटं कोरलेलं कांजी आपल्याकडच्या कारागिराला खटकत नाही. सतरा स्ट्रोकचं अक्षर फार बारीक आकारात कोरलं की रेषा एकमेकींत मिसळून काळा ठिपका उरतो. जागा कमी असेल तर हिरागाना करायचं का, हे त्या व्यक्तीलाच विचारा.

गोंदवून घेणाऱ्यांना एकच सांगणं: स्केच जपानी वाचता येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, त्यानंतर सुई लागू द्या.

पायरी ७ : पूर्ण नाव आणि मान

जपानीत आडनाव आधी, नाव नंतर. जपान सरकारने १ जानेवारी २०२० पासून आपल्या कागदपत्रांतल्या रोमन लेखनातही हाच क्रम धरला, पण खासगी व्हिजिटिंग कार्डांवर दोन्ही क्रम सापडतात. त्यामुळे ‘यूको’ हे नाव की आडनाव असा संशय आला तर कार्डाची जपानी बाजू पाहा. तिथे क्रम बदलत नाही.

देवनागरी पत्रिकेत ‘आरिमोरी यूको’ असा क्रम ठेवा आणि सगळ्या पाहुण्यांना एकच नियम लावा. हाक मारताना आडनाव आणि ‘सान’, हा आपल्या ‘जी’सारखा प्रत्यय. पहिल्या भेटीत ‘यूको-सान’ फार सलगीचं वाटू शकतं. त्यांनी स्वतः तसं सुचवलं तर जरूर म्हणा. पाकिटावर पूर्ण नावानंतर त्याहून आदराचं ‘सामा’. सान लावल्यावर पुढे पुन्हा ‘जी’ किंवा मागे ‘श्रीमती’ नको.

तिकीट, व्हिसा, हॉटेल यांसाठी पासपोर्टवरचं रोमन लेखन अक्षरशः तसंच उतरवा. पायरी १ मध्ये शिकलेला दीर्घ ऊ दाखवायला इथे जादा यू घालू नका. उच्चार बरोबर, पण तिकीट आणि पासपोर्ट जुळणार नाहीत.

मुलीचं नाव यूको ठेवायचं असेल तर

जोडीदारांपैकी एक जपानी असेल आणि मुलीची नोंद कोसेकीत व्हायची असेल, तर अक्षरं मर्यादित आहेत: नेहमीच्या वापराची २,१३६ कांजी, नावांसाठी वेगळी मान्य केलेली ८६३ आणि दोन्ही काना, म्हणजे हिरागाना आणि काताकाना. दैवी साहाय्याचं ‘यू’ त्या दुसऱ्या यादीतलं आहे, त्यामुळे चालतं. रोमन किंवा देवनागरी अक्षरं चालत नाहीत. जन्माची नोंद जपानमध्ये चौदा दिवसांत, जपानबाहेर जन्म झाला तर तीन महिन्यांत करावी लागते. म्हणजे अक्षराचा वाद बाळंतपणाआधी मिटवलेला बरा.

आईवडील दोघंही भारतीय असतील तर कोसेकीचा प्रश्न येत नाही. भारतीय कागदपत्रांवर देवनागरीत ‘यूको’ आणि रोमनमध्ये एकच ठरलेलं लेखन ठेवा. जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट तिन्हींवर तेच. हौसेनं कांजी निवडायला हरकत नाही, पण आडनाव काताकानात आणि नाव कांजीत असं मिश्र रूप जपानमध्ये शाळेच्या वहीपासून प्रत्येक ठिकाणी समजावून सांगावं लागेल, याची तयारी ठेवा.